रंगीत तालमीतली मयत

ग्रामसेवकाला गावात भाऊसाहेब म्हणतात. बाई असली तरी. तरुण पोरं मला मॅडम म्हणतात, पण डोंगरावरच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांनी गेल्या आठ वर्षांत तो शब्द तोंडात घेतलेला नाही. त्यांच्या लेखी पंचायतीचे कागद घेऊन येतो तो भाऊसाहेब, मग त्याने साडी नेसलेली का असेना. 'काय गं भाऊसाहेब' अशी हाक मला पहिल्यांदा ज्या आजीने मारली, तिच्याविषयी लिहायचं आहे. तिला मी एकदा मरायला सांगितलं होतं. सरकारी कामाचा भाग म्हणून सांगितलं होतं, आणि त्या कामाच्या अहवालावर माझी सही आहे.

माझी पंचायत कर्जत आणि खालापूरच्या शिवेवर आहे. शिवेच्या कुठल्या बाजूला ते मुद्दाम सांगत नाही, कारण यातल्या चुका माझ्या आहेत आणि त्या दुसऱ्या कोणाच्या नावावर जाऊ नयेत. मी राहते नेरळला. सकाळी स्कूटीवरून निघते. खाली रस्त्याला लागून मोठं गाव, गावाच्या कडेला आमच्या बौद्ध समाजाची वस्ती आणि वर पाऊण तासाच्या चढावर ठाकर आदिवासींची वाडी, पस्तीस घरांची. वाडीच्या पाठीशी उभा डोंगर आहे. पावसाळ्यात त्याच्या अंगावरून धबधबे सुटतात, तेव्हा शनिवार-रविवारी लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. मी मात्र त्या वळणावर मान खाली घालून स्कूटी चालवते.

दर उन्हाळ्यात आम्हाला गावाचा आपत्ती आराखडा भरावा लागतो. छापील तक्ता असतो. गावात पट्टीचे पोहणारे कोण, दोर कोणाकडे आहे, ट्रॅक्टर कोणाकडे आहे, गरोदर बाया किती, अंथरुणाला खिळलेली माणसं किती, निवारा कुठे करणार, चुली कुठे मांडणार. आमच्या भागात दरडींनी काय केलं आहे ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, मी नव्याने सांगायला नको. तेव्हापासून या तक्त्यात रकाने वाढले आहेत. त्यातला एक आहे, 'मयत ठेवण्याचे ठिकाण'. निवाऱ्याच्या रकान्यात मी वाडीच्या पायथ्याची जिल्हा परिषदेची शाळा लिहिली होती. पक्की इमारत, संडास आहे, दारापर्यंत गाडी जाते. मयतीच्या रकान्यापाशी आले तेव्हाही पक्की इमारत आणि दारापर्यंत गाडी एवढंच डोक्यात होतं. तिथेही शाळाच लिहिली, खोली क्रमांक दोन. हात जराही अडखळला नाही. पुढे त्या कागदावर चार जणांनी सह्या केल्या, त्यांचेही हात अडखळले नाहीत.

गेल्या मे महिन्यात वरून निरोप आला की या वर्षीची रंगीत तालीम आमच्या गावात होणार. म्हणजे दरड कोसळली असं समजायचं आणि सगळ्या यंत्रणेने खरोखर धावत यायचं. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आमच्या पंचायतीकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि आता बंब, रुग्णवाहिका, पोलिसांची गाडी, कुंभिवलीकडच्या कारखान्यांतली सुरक्षा पथकं, सगळे येणार होते. आठवडाभर मी शाळा झाडून घेतली, चुन्याने रेघा आखून घेतल्या, मांडव घालून घेतला.

जखमी व्हायला वाडीतली तरुण पोरं एका पायावर तयार होती. जखमीला लाल रंग फासतात, स्ट्रेचरवरून आणतात, मोबाइलवर शूटिंग होतं. अडलं ते मयतीपाशी. तालमीत जखमींच्या हातांना पट्ट्या बांधतात. हिरवी म्हणजे किरकोळ, पिवळी म्हणजे थोडा वेळ थांबू शकेल असा, लाल म्हणजे आधी हलवा. काळी म्हणजे संपलेला. आम्हाला चार काळ्या पट्ट्या दिल्या होत्या. वाडीतलं कोणीही ती पट्टी हातात घेईना. शेवटी मी तीन गोण्यांत पेंढा भरून घेतला आणि तालुक्याच्या साहेबांना म्हणाले, एवढ्यावर भागवू. साहेब म्हणाले, निदान एक तरी खरं माणूस पाहिजे, नाहीतर पथकाला वजनाचा अंदाज येत नाही.

तेव्हा ही आजी पुढे आली. सत्तरीच्या पुढची, गुडघ्यांनी धरलेली, पण वाडीत तिचा शब्द चालतो. कोणाचं लग्न कुठे जमवायचं, आवणी, म्हणजे भाताची लावणी, कधी धरायची, सगळं तिच्या ओटीवर ठरतं. ती म्हणाली, "मी पडते. तेवढीच पाठ टेकंल." सगळे हसले. मीही हसले. तिच्या मनगटाला काळी पट्टी मीच बांधली. तिला दोन नंबरच्या खोलीत पेंढ्याच्या तीन गोण्यांशेजारी सतरंजीवर निजवलं, अंगावर पांढरी चादर घातली आणि बजावून सांगितलं, "आजी, हलायचं नाही. बोलायचं नाही. साहेब लोक बघायला येतील. मी येऊन संपलं म्हणून सांगेपर्यंत उठायचं नाही."

"मेलेलं माणूस उठतंय व्हय?" ती चादरीखालून म्हणाली.

तालीम फार छान झाली. बंब वेळेत आला, जखमी वेळेत हलले, घड्याळ लावून बसलेल्या माणसाने मान डोलावली. एकाने खोलीच्या दारातून आत डोकावून चार मयत मोजल्या आणि वहीत खूण केली. साडेबाराला मांडवात भाषणं झाली. मलाही दोन शब्द बोलायला लावले. मग पुरीभाजी झाली, गाड्या निघाल्या, आणि साहेबांच्या गाडीत जागा होती म्हणून मी अहवाल लिहायला तालुक्याला गेले. अहवालात लिहिलं, 'ग्रामस्थांचे उत्तम सहकार्य लाभले'.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला शाळेत खिचडी शिजवणारी बाई सतरंज्या गोळा करायला गेली. तिने गोण्या उचलून बाहेर ठेवल्या आणि चौथी चादर ओढली. आजी डोळे उघडे ठेवून पडली होती. साडेदहापासून पडली होती. त्या पत्र्याच्या छपराच्या खोलीत, मे महिन्यात, पाण्याचा घोट नाही. खिचडीवालीने किंकाळी फोडली ती गावापर्यंत ऐकू आली म्हणतात. तिने विचारलं, का उठली नाहीस गं? आजी म्हणाली, "भाऊसाहेब आली नाय सांगायला."

मला हे दुसऱ्या दिवशी कळलं. लगेच वर जायला हवं होतं. पण मी गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. आरोग्य केंद्राच्या आशाताई वर जाणार होत्या, त्यांच्याबरोबर ग्लुकोजचा पुडा आणि बिस्किटं पाठवली. लाज वाटत होती एवढंच खरं, आणि लाजेचं मी नेहमी काय करते, तर कामात बुडवते.

आशाताईंनी परत येऊन सांगितलं की आजीला सुनेने घरात घेतलं नव्हतं. मर्तिकाहून आल्यासारखं दारातच अंगावर पाणी घालून, कडुनिंबाचा पाला चावायला लावून मग आत घेतलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्याच म्हणाल्या की वाडीतल्या बाया पोरांना दोन नंबरच्या खोलीत बसू देत नाहीत. सगळे वर्ग एकाच खोलीत दाटीने भरतात. मी हसले. माझ्या घरात भुताखेतांना जागाच नव्हती. माझे वडील स्मशानातल्या झाडाखाली बसून अभ्यास केलेला माणूस, अंगारा-धुपारा आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. मी आशाताईंना म्हणाले, एकविसाव्या शतकात आहोत आपण, समजावून सांगा त्यांना. हे बोलताना मला मी फार शहाणी वाटत होते.

मग आषाढ आला. सलग तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला नाही. आमच्याकडे पाऊस कोसळतो याचं कोणाला काही वाटत नाही, पण त्या वेळचा पाऊस बारीक नव्हता, मोठा नव्हता, एका लयीत होता, आणि तीन दिवस त्याने लय मोडली नव्हती. पहिल्या दिवशी मोबाइलवर नारिंगी इशारा आला, दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या एका गुराख्याचा फोन आला. शब्द जपून वापरणारा माणूस आहे. म्हणाला, "मॅडम, झऱ्याचं पानी लाल येतंय. आनी वरच्या बाजूला जमीन फाटलेय. येऊन बघा तुमी."

मी तालुक्याला कळवलं. अर्ध्या तासात आदेश आला, पाचच्या आत वाडी खाली आणा, निवारा आराखड्याप्रमाणे.

अकरा वाजता मी चढाला लागले. बरोबर पंचायतीचा शिपाई आणि दोन आपदा मित्र, म्हणजे प्रशिक्षण घेतलेली गावातलीच मुलं. वाट ओढा झाली होती. वर पोचल्यावर गुराखी मला आधी वाडीत नेईना, थेट मागच्या चढावर करवंदीच्या जाळ्यांपाशी घेऊन गेला. तिथे गवतात एक रेघ होती. नीट बघितलं नसतं तर पायवाट वाटली असती. दोन बोटं रुंद, आणि दोन्ही बाजूंना दिसत नव्हती तिथपर्यंत गेलेली, डोंगराला ओढलेल्या चंद्रकोरीसारखी, तिच्या पोटात सगळी वाडी. गुराख्याने आपली काठी तिच्यात घातली. काठी मुठीपर्यंत गेली. मला ते खरं वाटेना म्हणून मी माझी लांब दांड्याची छत्री घातली. तीही गेली, खाली काही लागलं नाही. पाण्याचे ओहोळ उतारावरून येत होते आणि त्या रेघेत शिरून नाहीसे होत होते. कसलाही आवाज होत नव्हता. मी छत्री ओढून काढली.

वाडीत आले आणि सगळ्यांना गोळा केलं. घाबरवायचं नाही असं आम्हाला शिकवलेलं असतं, पण मी घाबरवलं. घरं सोडा, कपडे आणि कागद घ्या, शेळ्यांची दावी सोडून द्या, शाळेत चला. पुरुष मान हलवत होते. बाया हलत नव्हत्या. एकीने कडेवरचं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "शाळेत नाय येनार."

"का?"

"तिथं मढी ठेवतात."

माझं डोकं फिरलं. मी बरंच बोलले. तुम्हाला पोरांच्या जिवापेक्षा असल्या गोष्टी मोठ्या आहेत का, पोलीस बोलवीन, उचलून नेईन. ती पोरवाली शांतपणे म्हणाली, "तुमच्याच कागदावर हाय ना मॅडम? आमाला काय ठावं, तुमीच ठेवली तिथं. चार."

ती खरं बोलत होती. कारण कागदावर होतंच. दरड खरोखर आली असती तर आराखड्याप्रमाणे मी वाचलेल्यांना एक नंबरच्या खोलीत आणि गेलेल्यांना दोन नंबरच्या खोलीत ठेवलं असतं, मध्ये एक पातळ भिंत. रात्रभर पोरं त्या भिंतीला पाठ लावून निजली असती. ही माणसं भुताखेतांचं बोलत नव्हती. माझा आराखडा त्यांनी माझ्यापेक्षा नीट वाचला होता.

सगळे कोणाकडे बघत होते ते मला तेव्हा दिसलं. आजी आपल्या ओटीवर बसली होती आणि कोयत्याने वास्ते, बांबूचे कोवळे कोंब, सोलत होती. मान वर केली नव्हती. मी ओटीच्या पायरीवर जाऊन बसले. वरून पागोळ्या पाठीवर पडत होत्या. मे महिन्यानंतर मी तिला पहिल्यांदाच भेटत होते.

"आजी, चुकलं माझं," मी म्हणाले. "मी यायला पाहिजे होतं. विसरले."

"इसरलीस," ती म्हणाली. नुसतं समजून घेतल्यासारखं म्हणाली. मग सोललेला कोंब बाजूला ठेवून म्हणाली, "माशी बसली हुती नाकावर. मी हलले नाय. म्हटलं भाऊसाहेबाच्या कागदात काय चूक नको."

मला रडू आलं, आणि पावसामुळे ते कोणाला कळलं नाही म्हणून बरं वाटलं. मी तिला रेघेचं सांगितलं, छत्रीचं सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं हाय. मी रातभर ऐकतेय. खालून दळल्यावानी येतंय." मग म्हणाली, "माझं काय नाय गं. मी निजेन तिथं, मला सवय झालेय. पन पोरांना कशी निजवू?"

"शाळेत नको तर कुठे चलाल?"

"तू सांग. कागद तुझाय."

तिथेच बसून मी खाली आमच्या वस्तीत फोन लावला. बुद्धविहाराचा हॉल मोठा आहे, जयंतीच्या जेवणावळीची भांडी आहेत, वर पक्का स्लॅब आहे, डोंगरापासून लांब आहे. किल्ली ज्या काकांकडे असते ते म्हणाले, वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू आहे, ते आम्ही पडवीत हलवतो, तू घेऊन ये माणसं. मग तालुक्याला फोन केला. पलीकडचा आवाज म्हणाला, ते ठिकाण यादीत नाही, मंजूर नाही, पाणी-संडासाची तपासणी झालेली नाही, आदेश शाळेचा आहे. मी म्हणाले, मग लिहा की ग्रामसेविकेने आदेश मोडला. त्यांनी लिहिलं. ती नोटीस अजून माझ्या कपाटात आहे.

आजीने कोयता बाजूला ठेवला. "येते," ती म्हणाली. "पन एक हाय. आता संपलं की तूच सांगायचं. त्या दिशी सारखं नाय. दुसऱ्या कोनी सांगितलं तर मी उठनार नाय."

"सांगेन," मी म्हणाले. त्या घटकेला तिने माझा हात तोडून मागितला असता तरी हो म्हटलं असतं. मला एवढंच दिसत होतं की ती उठली.

ती उठली आणि वाडी उठली. तिला घोंगडीच्या झोळीत घालून बांबूवर चौघांनी उचललं. कोंबड्या टोपल्यांत, बियाणं डोक्यावर, एकीने तर दाराची कडी काढून घेतली, का ते तिलाही माहीत नसावं. पाऊण तासाच्या वाटेला आम्हाला पावणेतीन तास लागले. मागे वळून बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी दोनदा बघितलं. डोंगर ढगात होता. साडेचारच्या सुमाराला मी विहाराच्या दारात उभी राहून माणसं मोजली. एकही कमी नव्हतं. आयुष्यात कुठल्याच आकड्याने मला इतकं समाधान दिलेलं नाही.

पुढचे नऊ दिवस ती माणसं तिथे राहिली. वस्तीतल्या बायांनी भाकऱ्या थापल्या. सुरुवातीला दोन्हीकडची माणसं जरा चार हात लांबून वागत होती, मग पोरांनी ते अंतर मोडून टाकलं. संध्याकाळी पडवीत ग्रंथवाचन सुरू झालं की आजी उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून ऐकत बसायची. काय कळतं विचारलं तर म्हणायची, "आवाज बरा हाय."

पाऊस पाचव्या दिवशी ओसरला. डोंगर पडला नाही. खरं सांगते, पहिले दोन दिवस मी देवाला न मानणारी बाई मनातल्या मनात त्याला थोपवून धरत होते, आणि नंतर तो पडत नाही याचीच मला भीती वाटायला लागली. पडला असता तर मी बरोबर ठरले असते. न पडलेल्या डोंगराविषयी कागदावर काय लिहायचं हे कोणाला माहीत नसतं. भूगर्भवाल्यांच्या पाहणीसाठी पत्र गेलं होतं. उत्तर आलं, आपला क्रमांक यादीत आहे. वाडीतली पुरुषमाणसं दिवसा वर जायला लागली. आवणी खोळंबली होती, रोपं पिवळी पडत होती, शेळ्या रानात होत्या. त्यांना कोण धरून ठेवणार?

नवव्या दिवशी आदेश आला. 'सद्यःस्थितीत तात्काळ धोका दिसून येत नसल्याने स्थलांतरित कुटुंबांना परत पाठविण्यात यावे.' कोणाला दिसून येत नाही ते लिहिलेलं नव्हतं. मी गुराख्याला फोन केला. तो वरच होता. मी विचारलं, रेघ कशी आहे? तो म्हणाला, "रुंद नाय झाली मॅडम. आमी मातीनं बुजवली वरनं, ढोरांचा पाय अडकंल म्हनून. पन पानी अजून आत जातंय. भाईर कुठं येत नाय."

मी हे फोनवर तालुक्याला सांगितलं. ते म्हणाले, लेखी द्या. मी लेखी दिलं. त्यावर शिक्का मारून मला पोच मिळाली.

दुपारी आजीच्या सुनेचा फोन आला. सगळे वर गेले होते, सामान गेलं होतं, पोरं गेली होती. आजी उठत नव्हती. शिपायाने सांगितलं, काकांनी सांगितलं, मुलाने सांगितलं. ती म्हणत होती, भाऊसाहेब येईल.

मी गेले. हॉल रिकामा होता, धुऊन काढलेला, फरशी ओली. एका कोपऱ्यात सतरंजीवर आजी बसली होती, शेजारी गाठोडं. मला बघून तिचं तोंड फुललं. "आलीस," ती म्हणाली. आणि विचारलं, "संपलं का गं?"

माझ्या पर्समध्ये तो आदेश होता. पोच होती. नोटीसही होती. मला माहीत होतं की मी 'नाही' म्हटलं तर ती इथून हलणार नाही, आणि ती हलली नाही हे कळलं की संध्याकाळपर्यंत अर्धी वाडी परत खाली येईल, पोरांसकट. तिच्या शब्दाला तेवढं वजन आहे, आणि तिचा शब्द त्या घटकेला माझ्या हातात होता. मला हेही माहीत होतं की मग मला त्यांना किती दिवस ठेवायचं, कशावर ठेवायचं, दुसरा आदेश मोडल्यावर माझं काय होईल, निवृत्तीला वर्ष उरलं असताना चौकशी लागली तर काय. हे सगळं एका श्वासात मनात आलं. डोंगराचा विचार सगळ्यांत शेवटी आला, आणि तोवर मी बोलून गेले होते.

"हो आजी. संपलं."

ती लगेच उठली. माझ्या खांद्यावर हात टाकून उठली. पुन्हा विचारलं नाही, माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं नाही. बाहेर तिचा मुलगा घोंगडी घेऊन थांबला होता. जाताना ती काकांना म्हणाली, "आता कसं, भाऊसाहेब सवता आली सांगायला." मला ते ऐकू जावं म्हणून मुद्दाम जरा मोठ्याने म्हणाली.

आता पुन्हा मे संपत आला आहे. पाहणी झालेली नाही. नवा तक्ता टेबलावर आहे. मयतीचा रकाना मी कोरा सोडला होता, तर तो अपूर्ण म्हणून परत आला. जूनअखेर मी निवृत्त होते. माझ्या जागी येणारा मुलगा हुशार आहे, मी त्याला रेघ दाखवली, त्याने फोटो काढले. पण वाडी खाली आणायची वेळ आली तर आजी त्याचं ऐकणार नाही. ती म्हणेल, भाऊसाहेबानं सांगितलंय, संपलं. तिला हे कोणीतरी सांगायला पाहिजे की संपलेलं नाही, गेल्या वर्षीही संपलेलं नव्हतं, मला तेव्हाही माहीत होतं. ते माझ्याशिवाय दुसऱ्या कोणी सांगून चालणार नाही. वाडी पाऊण तासावर आहे, वाट अजून कोरडी आहे. गेले दोन आठवडे मी रोज सकाळी निघताना ठरवते की आज वर जायचं, आणि रोज पंचायतीत काहीतरी काम निघतं.